एका माणसाची दोन प्रस्थानं

आमच्या घराण्यात पुणं पाहिलेला एक माणूस होता आणि नागपूर पाहिलेला एक. माझं नशीब असं की दोघेही माझे वडीलधारे होते. पुणं पाहिलेले ते माझे काका, पेडगावच्या आमच्या एकत्र घराचे कर्ते. नागपूर पाहिलेले ते माझे मामा, जिंतूरला वकिली करायचे. वडील मी लहान असतानाच गेले होते, आणि तेव्हापासून या दोघांनी मला वाटून घेतलं होतं. जेवूखाऊ घातलं, कपडालत्ता केला तो काकांनी. हैदराबादला शिकायला ठेवलं ते मामांनी. मी बी.ए. झालो तेव्हा काकांनी गावाला जेवण दिलं. त्या पंगतीत दोघेही असे मिरवत होते की पेपर मी लिहिले याचा मलाच विसर पडला. आणि त्याच पंगतीत, दुसरा भात वाढायच्या आत, भांडणाला तोंड फुटलं.

भांडण माझ्या पुढच्या शिक्षणाचं होतं. मला इतिहासात एम.ए. करायचं होतं, पण हैदराबादला करायचं नव्हतं. तिथं मी सगळं उर्दूतून शिकलो, आणि चांगलं शिकलो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण बादशहांच्या मोहिमा पाठ करून करून मला वाटायला लागलं होतं की एकदा अशा गावी जाऊन शिकावं, जिथं आपली भाषा फक्त स्वयंपाकघरात आणि बैलांशी बोलायला ठेवलेली नाही. अशी दोन गावं मला ऐकून माहीत होती. दोन्हीकडच्या एकेका कॉलेजला मी अर्ज केला. दोन्हीकडून होकार येईल असं कुणालाच वाटलं नव्हतं, मला तर मुळीच नाही. तो आला.

आजच्या पोरांना सांगितलं तर हसतील, पण तेव्हा पुणं आणि नागपूर आमच्यासाठी परदेश होते. मनमाडला निजामाची गाडी संपायची. तिथं उतरलं की नाणं बदलायचं, टपालाचं तिकीट बदलायचं, रुळांची रुंदीसुद्धा बदलायची. आणि हद्दीवर करोडगिरीवाले, म्हणजे जकातीचे शिपाई, वळकटीत कोपरापर्यंत हात घालून बघायचे की हा माणूस मुलखातून काय पळवून नेतोय. महिनासुद्धा बदलायचा. आमच्या सरकारी कागदावर अमरदाद चालू असायचा तेव्हा तिकडे जून असायचा. पुण्याच्या पत्रात मी 'ब्रिटिश हद्दीबाहेरील अर्जदार' होतो, आणि माझ्या वर्तणुकीबद्दल कुण्या प्रतिष्ठित गृहस्थाची हमी मागितली होती. नागपूरच्या पत्रात मी 'संस्थानी विद्यार्थी' होतो, आणि अशांसाठी जागा मोजक्याच असल्याचं कळवलं होतं. अट दोघांची एकच होती. टर्म सुरू होईल त्या दिवशी हजर राहायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल. म्हणजे जिथं माझी भाषा चालते तिथं मी परका, आणि जिथं मी घरचा तिथं माझी भाषा बैलांपुरती. या परकेपणाचं मला तेव्हा फार कौतुक वाटलं होतं. परदेशी विद्यार्थी व्हायला लोक बोटीत बसतात, मला पेडगावच्या स्टेशनावर बसून होता येणार होतं.

आणि नाही गेलो तर? तर पालम होतं. तालीमात खात्यातले, म्हणजे शिक्षणखात्यातले, एक साहेब काकांच्या ओळखीचे होते. त्यांनी पालमच्या मदरशात, म्हणजे सरकारी शाळेत, माझ्यासाठी मास्तरकीची जागा धरून ठेवली होती. पालमवर माझा राग नाही. बरं गाव आहे, बाजारात ज्वारी चांगली मिळते. पण त्या वयात पालमचं नुसतं नाव निघालं तरी मी उठून बाहेर जायचो. मला स्वच्छ दिसत होतं की मी तिथं गेलो तर तिथलाच होईन. समोर पाढे म्हणणारी पोरं, अंगावर खडूची भुकटी आणि वर्षातून एकदा इन्स्पेक्टरसाहेबांना वाकून सलाम. मला माझ्यापेक्षा शहाणी माणसं भेटायला हवी होती, आणि ती भेटली नाहीत तर मी वाया जाईन असं मला मनापासून वाटत होतं. तेव्हा हिशेब सरळ होता. टर्मच्या दिवशी पुण्यात नाहीतर नागपुरात उभं राहायचं, नाहीतर पालम.

माझा कल कुठं होता, असा प्रश्न वाचणाऱ्याला पडेल. नागपूरला. कारण साधं होतं. नागपूरच्या पत्राखाली तिथल्या प्राध्यापकांनी स्वतःच्या हातानं मराठीत एक ओळ लिहिली होती, की तुमच्या भागातल्या जुन्या मोडी कागदांवर कुणी काम केलेलं नाही, तुम्ही कराल का? मला त्याआधी कुणीही 'कराल का' असं विचारलेलं नव्हतं. ती ओळ मी इतक्यांदा वाचली की तिच्यावरून बोट फिरवून शाई फिकी झाली.

मी हे दोघांसमोर एकदा सांगूनही टाकलं. काका म्हणाले, "तू मधी बोलू नको. तुझाच फैसला चाललाय."

काकांचं पुणं कसं होतं ते सांगायला हवं. तरुणपणी त्यांच्या डोळ्यांत काही बिघाड झाला, म्हणून त्यांना पुण्याला एका डॉक्टरकडे नेलं होतं. डोळे कापले, पट्टी बांधली आणि पंधरवडाभर खाटेवर निजवलं. पट्टी सुटली त्याच दिवशी त्यांना गाडीत घालून परत आणलं. म्हणजे काकांनी पुणं पाहिलं नव्हतंच, ऐकलं होतं. पण त्या ऐकीव पुण्यावर ते वीस वर्षं बोलत होते. "काय भाषा असते तिथली! दवाखान्यातली बाई औषध द्यायची न्, तर आमी आजार इसरून नुसतं ऐकत पडायलो होतो. आपल्यावाणी आमी-तुमी न्हाई. एकेक अक्षर सोनाराकडून घडवून आणल्यावाणी." ते ऐकून आमच्या ओसरीवरची चार माणसं स्वतःच्या बोलण्याची लाज वाटून गप्प बसत, आणि मग काका एकटेच बोलत. मला वाटतं पुण्याचा त्यांना खरा उपयोग हाच होता.

मामांचं नागपूर याहून वरचढ होतं. ते भर वैशाखात कुणाच्या तरी वऱ्हाडासोबत नागपूरला गेले, स्टेशनावरच त्यांना ऊन लागलं, आणि लग्न लागून वऱ्हाड परत निघेपर्यंत ते एका अंधाऱ्या खोलीत पडून होते. खिडक्यांना वाळ्याचे पडदे, त्यांच्यावर सारखं पाणी मारायला एक माणूस, आणि तासातासाला कैरीचं पन्हं. त्यामुळे मामांचं ठाम मत झालं होतं की नागपूर फार थंड गाव आहे. "लय गारवा, भाऊसाब," ते काकांना सांगायचे, "अभ्यासाला असाच मुलूख मुनासिब. पुण्यात डोकं तापतं माणसाचं." नागपूरच्या उन्हाची गोष्ट साऱ्या हिंदुस्थानाला ठाऊक होती. पण वकील माणूस, पुरावा स्वतःच्या अंगावर घेतलेला, तो कसा माघार घेईल?

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं, आणि एक दिवस गुपचूप गाडीत बसलो असतो. पण दोघांच्या हातात एकेक किल्ली होती. खर्च काका देणार होते, आणि माझी पदवीची सनद जिंतूरला मामांच्या पेटीत होती. ती हैदराबादहून त्यांनीच आणली होती, आणि ती दाखवल्याशिवाय कुठलंही कॉलेज दारात उभं करणार नव्हतं. काका म्हणत, पुण्याला जात असशील तर आत्ता कनवटीचं सोडतो. मामा म्हणत, नागपूरला जात असशील तर आत्ता पेटी उघडतो. मामांनी कोर्टाला सुट्टी पडल्याचं निमित्त करून पेडगावात मुक्कामच ठोकला, आणि आमच्या ओसरीवर रोज सकाळसंध्याकाळ सुनावणी चालू झाली.

काकांनी पहिला डाव टाकला तो प्रस्थानाचा.

ज्यांच्या घरी आता मुहूर्त बघत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. लांबच्या प्रवासाला निघायचं असेल आणि चांगला मुहूर्त आधीच येऊन जात असेल, तर माणूस नाही निघाला तरी त्याचं प्रस्थान ठेवायचं. एका उपरण्यात सुपारी, हळकुंड, मूठभर तांदूळ बांधायचे आणि ती पुरचुंडी, ज्या दिशेला जायचं त्या दिशेच्या एखाद्या देवळात किंवा शेजाऱ्याकडे नेऊन ठेवायची. म्हणजे शास्त्राप्रमाणे माणूस निघाला. मग तो अंगानं चार दिवसांनी का जाईना. एकदा प्रस्थान ठेवलं की मग त्या प्रवासाला कुणी आडकाठी करायची नाही, हा नियम. काकांनी याच नियमावर डोळा ठेवला. एका सकाळी मामा आंघोळीला गेलेले पाहून त्यांनी भटजींना बोलावलं, माझंच उपरणं घेतलं आणि पश्चिमेच्या वेशीजवळच्या मारुतीत माझं पुण्याचं प्रस्थान ठेवून आले. आई विधवा, तिची नजर पडू नये म्हणून तेवढा वेळ तिला माजघरात बसवून दार ओढून घेतलं होतं. माझ्या प्रवासाची सुरुवात माझ्या आईला कोंडून झाली. ते आठवलं की अजून माझं डोकं सणकतं.

मामांना हे दुपारी कळलं. ते चिडले नाहीत. वकील चिडत नाही, तो अपील करतो. त्यांनी माझं दुसरं उपरणं मागून घेतलं, त्याच भटजींना वेगळी दक्षिणा दिली, आणि दिवे लागायच्या आत पूर्वेच्या वेशीजवळच्या महादेवात माझं नागपूरचं प्रस्थान ठेवलं. आई पुन्हा माजघरात. नागपूर पेडगावच्या नेमक्या कुठल्या अंगाला यावर थोडी चर्चा झाली, पण पुण्याच्या उलट दिशेला एवढं सगळ्यांना पुरेसं होतं.

आता भटजींची पंचाईत झाली. एक माणूस दोन दिशांना निघालेला. त्यांनी पंचांग काढलं, बराच वेळ ओठ हलवले आणि निर्णय दिला की निघालेला माणूस घरात राहणं बरं नाही. प्रस्थान एक असतं तर चाललं असतं, पण दोन दोन ठेवल्यावर दोष दुप्पट. शास्त्रात असं खरंच आहे की दोन दक्षिणांमुळे त्यांना ते सुचलं, मला ठाऊक नाही. पण काका आणि मामा, जे गेल्या कित्येक दिवसांत कशावरही एकमत झाले नव्हते, त्यांनी याला लगेच मान डोलावली. माझी वळकटी चावडीत नेऊन टाकली. चावडी गावाच्या बरोबर मधोमध. पश्चिमेला माझं पुणं मारुतीच्या कोनाड्यात, पूर्वेला माझं नागपूर महादेवाच्या ओट्यावर, आणि मधे मी, चावडीच्या घोंगडीवर, परदेशी विद्यार्थी.

चावडीत जागल्या असायचा, गावाची राखण करणारा म्हातारा. मला वळकटी घेऊन आलेला पाहून तो सहज म्हणाला, "कुठं निघा..."

"ए!" काका मागून एवढ्या जोरात ओरडले की चावडीवरची कबुतरं उडाली. निघालेल्या माणसाला 'कुठं' म्हणून विचारायचं नाही, हे आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. विचारलं की काम फिसकटलंच. जागल्यानं आपल्या थोबाडीत मारून घेतली. त्यानंतर गावात माझ्यासमोर कुणीही, कशाबद्दलही, 'कुठं' हा शब्द उच्चारला नाही. नदीवर निघालो तरी लोक मान खाली घालायचे. गंमत अशी की सारं गाव माझं कुठं जायचं यावरच रात्रंदिवस बोलत होतं, फक्त मला विचारायची चोरी होती.

जेवण घरून यायचं. पण घरातला साधा वरणभात नाही, कारण मी प्रवासात होतो. शिदोरी यायची. दशम्या, धपाटी, तिळाची चटणी. पहिल्या दिवशी गोड लागली, दुसऱ्या दिवशी बरी लागली, पुढे पुढे दशमी बघितली तरी मी तोंड फिरवायचो. मी घरापासून हाकेच्या अंतरावर बसून प्रवासाचं अन्न खात होतो, आणि आमच्याच चुलीवरच्या फोडणीचा वास मला चावडीत यायचा.

आई सकाळी पाण्याच्या निमित्तानं चावडीमागच्या आडावर यायची. घागर भरता भरता भिंतीपलीकडून बोलायची, कारण समोर यायचं नाही असं तिला सांगून ठेवलं होतं.

"पोटभर खायलास न् रे?"

"खायलोय."

"दोघं बी तसे वाईट न्हाईत रे. पण एकाचं ऐकलं तं दुसऱ्याची मान जाती खाली."

"आई, दिवस चाललेत. मला पालमला नाही जायचं."

तिकडे घागर बुडल्याचा आवाज आला. मग ती म्हणाली, "तुझे वडील बी अशाच साळेत म्हातारे झाले असते. गेले म्हणून सुटले." माझ्या वडिलांनीही मास्तरकीच केली होती, हे ती मला आठवण करून देत होती. मला तिचा चेहरा दिसत नव्हता, आणि ते बरंच होतं.

त्याच दिवशी संध्याकाळी तिनं जे केलं ते आमच्या घरात तोवर कुणा बाईनं केलं नव्हतं. ओसरीवर सुनावणी भरली होती. मी खाली अंगणात उभा होतो, उंबरा ओलांडायची मला मनाई होती. आई माजघराच्या दाराशी आली, पदर पुढं ओढला आणि थोरल्या दिरासमोर तोंड उघडलं.

"भावजी, मला पुणं ठावं न्हाई अन् दादा, मला नागपूर बी ठावं न्हाई. मी परभणीच्या पल्याड गेले न्हाई. पण माझं लेकरू गेलं पायजे. कुठंबी जाऊ द्या, पण जाऊ द्या. म्या आजवर काही मागितलं न्हाई तुमाला."

बोलता बोलता ती रडायला लागली आणि आत गेली. काकांनी डोळ्यांवरून उपरणं फिरवलं, मामांनी चष्मा काढून पुसला. मला त्या क्षणी दोघांबद्दल फार प्रेम वाटलं. वाटलं, झालं, संपलं हे.

काका खाकरले. "वकीलसाब," ते म्हणाले, "बाईमाणूस रडली, आमी हरलो. जाऊ द्या पोराला नागपूरला. खर्च आमीच देऊ."

नागपूर! मी अंगणात अक्षरशः उडी मारली. मला ती फिकी झालेली ओळ दिसली, तो प्राध्यापक दिसला, ते मोडी कागद दिसले.

"असं कसं भाऊसाब?" मामा म्हणाले. "तुमी एवढं मोठं मन दाखवायलात, अन् आमी लहान व्हावं? पोरगं तुमच्या घराण्याचं. पुण्यालाच जाईल. सनद मी उद्याच आणवतो."

"न्हाई न्हाई. नागपूरच."

"माझी शपथ हाय. पुणंच."

"आमच्या ओसरीवर बसून तुमी आमाला शपथ घालता?"

"मेहेरबानी करा भाऊसाब, पण ह्यात मी ऐकणार न्हाई."

हैदराबादच्या छत्राखाली दोनशे वर्षं काढलेल्या माणसांना हे समजावून सांगावं लागणार नाही. दारातून कोण आधी जाणार यावरून दोन अंमलदार दाराबाहेर अर्धा अर्धा तास 'पहले आप, पहले आप' करत उभे राहिलेले मी हैदराबादेत पाहिले होते. पण तिथं निदान दार अडवून दुसऱ्या कुणाचा श्वास कोंडत नसे. इथं दारात मी होतो. चार दिवसांपूर्वी काका पुण्यासाठी कनवटी आवळून बसले होते; आता मी नागपूरला गेलो तरच ते ती सोडणार होते. मामा नागपूरसाठी पेटीवर बसले होते. आता पुण्याशिवाय ती उघडली तर त्यांच्या खानदानीपणाला बट्टा लागणार होता. आधी भांडण होतं, त्यातून कधीतरी एक जण हरला असता. आता सौजन्य चालू झालं होतं, आणि सौजन्यात माघार कोण घेणार? ज्यानं घेतली तो कमी मोठ्या मनाचा ठरणार होता.

मी अंगणातून ओरडलो, "मला नागपूरला जायचंय!"

मामांनी माझ्याकडे मोठ्या प्रेमानं पाहिलं. "बगा भाऊसाब, पोरगं किती समजदार हाय. माझं मन राखायला असं म्हणायलंय."

मी चावडीत जाऊन घोंगडीवर उताणा पडलो.

पुढचं काम भटजींनी पूर्ण केलं. काकांच्या म्हणण्याप्रमाणे नागपूरला जायचं तर काकांनीच पश्चिमेला ठेवलेलं प्रस्थान आधी मागं घ्यायला हवं, आणि मामांच्या म्हणण्याप्रमाणे पुण्याला जायचं तर मामांनी पूर्वेला ठेवलेलं. माणसाशिवाय परत आणलेलं प्रस्थान म्हणजे अपशकुन, त्याला शांत करायला हवी. शांत करायची तर अमावस्या ओलांडायला हवी. अमावस्या ओलांडली तर शुक्रवारी आणि रविवारी पश्चिमेला दिशाशूळ, सोमवारी आणि शनिवारी पूर्वेला. मंगळवारी जावं म्हटलं तर काकांना मंगळवार सोसत नसे. मी भटजींना विचारलं, "बुधवारी काय आहे?" ते दचकले, पानं उलटली आणि म्हणाले, "बुधवारी काही न्हाई, पण घाईचं काम असतंय ते."

टर्म सुरू व्हायच्या आदल्या दिवशी मी चावडीतून उठून पायी स्टेशनावर गेलो. खिशात खर्च नव्हता, हातात सनद नव्हती. मनमाडकडे जाणारी गाडी आली, थोडी थांबली आणि गेली. काही वेळानं उलट बाजूची गाडी आली, ती परभणीवरून पूर्णा जंक्शनकडे निघाली होती. तिथून हिंगोलीची गाडी, पुढं मोटार, असं करत नागपूर गाठता येत असे. तीही थांबली आणि गेली. मला कुणी 'कुठं' म्हणून विचारलं नाही, कारण सगळ्यांच्या लेखी मी अजून निघालेला माणूस होतो. मी तिथल्या बाकावर बसून रडलो. मोठ्यानं रडलो, त्याची मला लाज नाही.

टर्मचा दिवस गेल्यावर ओसरीवरचं वातावरण एकदम निवळलं. काका म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. मामा म्हणाले, हाव, पुढच्या वर्षी. पुढच्या वर्षी मुलखात असं काही पेटलं की माणसं शिक्षणासाठी नाही, जिवासाठी हद्द ओलांडायला लागली. त्यानंतर निजामीच गेली. पुणं आणि नागपूर एका सकाळी परदेशाचे स्वदेश झाले, हवं त्यानं तिकीट काढून जावं. तोवर माझ्या अंगावरची खडूची भुकटी धुवून निघण्यापलीकडे गेली होती, आणि लग्न होऊन पदरात एक पोर होतं. काका मरेपर्यंत पाहुण्यांना सांगायचे, आमच्या पुतण्याला पुण्यानं बोलावलं होतं. मामा सांगायचे, आमच्या भाच्याला नागपूरनं बोलावलं होतं. दोघंही ते अगदी खरं बोलायचे.

पण मला सांगायचं आहे ते त्याच सालचं, टर्म हुकल्यानंतरचं. पालमला पुतण्या कधी हजर होतोय, असं तालीमातच्या साहेबांनी काकांना विचारलं, आणि पुण्या-नागपूरवर ज्यांचं कधी जमलं नाही त्या दोघांचं पालमवर सुपारी फुटायच्या आत एकमत झालं. सनद जिंतूरहून आली, कनवटी सुटली. मी भटजींना मुद्दाम जाऊन विचारलं, मुहूर्त कुठला धरायचा? ते पान लावत होते. वर न बघता म्हणाले, "पालमला? पालमला कशाचा आलाय मुहूर्त. जावा की कवाबी."

मग मी गेलो. गंगाखेडपर्यंत गाडी होती, पुढं मोटार. स्टेशनापर्यंत न्यायला घरची बैलगाडी जुंपली. काका आणि मामा दोघेही पोचवायला आले. पुढं कुणी बसायचं यावरून त्यांचं चाललं होतं, तुमी बसा, न्हाई तुमी बसा. आणि आई आली. पदर डोक्यावर घेऊन, सगळ्यांसमोरून, माझा हात धरून ती वेशीपर्यंत चालत आली. ती माझ्या पुढं पुढं चालत होती. कुणी तिला आत बसायला सांगितलं नाही, कुणी दार ओढून घेतलं नाही. ही वाट बिघडण्यासारखी आहे असं कुणालाच वाटत नव्हतं.

वेशीत जागल्या उन्हाला बसला होता. मला वळकटीसह पाहून तो उठला.

"कुठं निघालात, मालक?"

मी चटकन काकांकडे पाहिलं. ते मामांना गाडीत चढायला हात देत होते. त्यांनी ऐकलं होतं. ते काही बोलले नाहीत.

"पालमला," आई म्हणाली.

"पालम व्हय," तो म्हणाला आणि परत खाली बसला. "मंग काय, हे हितंच की."